मनगटात अडकलेल्या बांगड्या

सरकारी दवाखाना, चिखली
ता. ९ जानेवारी १९६७

सौ. विहीणबाई सोजराबाईले मनकर्णेचा नमस्कार. इकडचं खुशाल लिहायची रीत असते, ते पुढं पाहू. तुमची गाय व्याली का? व्याहीबुवांचा खोकला कसा हाये?

संक्रांत झाली की पुष्पाले न्यायले तुमी गाडी पाठवणार होत्या, ती पाठवू नका. पहिलं बाळंतपण माहेरचं, हे मलेही समजते. मी का आभाळातून पडली? रागावू नका, आधी पुरं वाचा.

ओटीभरणाले तुमी तिचे हात पाहून म्हणाल्या होत्या, "विहीणबाई, माही लेक भरली हो!" मी अशी फुगली! आमच्या घरचं दूध-तूप अंगी लागलं म्हणून अमडापूरभर सांगत फिरली. मागच्या आठवड्यात कासारीण आली, तर हिरव्या बांगड्या मनगटातून हालेनात. आमी हसलो. पुष्पा बी हसली. पण तिचं डोकं ठणकत होतं, डोळ्यापुढं काजवे चमकतात म्हणे. म्या सुंठ उगाळून लावली. दयाराम म्हणे, आई, दवाखान्यात नेतो. म्या म्हटलं, ने बाबा, बायकोचं लई कौतुक तुले. अन् मीही संगं निघाली.

डॉक्टरीणबाईनं दंडाले पट्टी गुंडाळून फुगा दाबला, पाऱ्याची दांडी पाह्यली, पुन्हा दाबला. नडगीवर आंगठा रोवला, तर पडलेला खड्डा भरेच ना. मंग लघवी काचेच्या नळीत घालून दिव्यावर तापवली. नासक्या दुधावानी झाली. मले म्हणे, "यातलं एक असतं तर घरी पाठवलं असतं. तिन्ही एकत्र आहेत. ही सूज आहे बाई, बाळसं नाही. रक्ताचा दाब असाच चढला तर झटके येतील." म्या विचारलं, झटके आले तर? तिनं नर्सले खाट लावायले सांगितलं.

बांगड्या वाढवाव्या लागल्या. मन खट्टू करू नका, दोन्ही मनगटांले हिरवा दोरा बांधला हाये.

उजेडानं झटका येऊ नये म्हणून तवापासून अंधाऱ्या खोलीत ठेवली. खाणं आळणी. काल मले म्हणे, "आत्याबाई, तुमच्या हातची भाजी बी अशीच लागते." म्या म्हटलं, जीभ चालते म्हणजे पोरगी बरी हाये. बाहेर येऊन लई रडली मी.

पारा उतरून नाही राह्यला, सोजराबाई. डॉक्टरीण म्हणते, परवा सकाळी मूल काढायचं. आठवाच महिना हाये. लेकरू जगेल का, ते ती सांगत नाही. दोघांतलं एकच वाचलं तर, असं तिनं दयारामले विचारलं. म्या सांगितलं, पाळणा पुढच्या साली बी बांधू. पुष्पा दुसरी कुठून आणू?

ती काही मागत नाही. झोपेत तेवढी 'आई' म्हणते. हाक मले नसते, समजते मले. तरी मी ओ देते.

माहे दीर मोतीराम ही चिठ्ठी घेऊन येतात. त्यांच्यासंगंच मेहकरवरून एसटी धरा. डिंकाचे लाडू राहू द्या. नुस्त्या या.

तुमी येईस्तोवर तिची आई,
मनकर्णा