वरीलप्रमाणे

॥ श्री ॥

डोंबिवली,
ता. १० नोव्हेंबर १९५३

ती. दादास,
सुमतीचा शि. सा. न. वि. वि.

नमस्कार रीत म्हणून लिहिला आहे, मनातून केलेला नाही. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचताना तुला धक्का बसायचा नाही.

परवा भाऊबीजेला मी कोपरीला आले, तुला ओवाळलं, वहिनीच्या हातची बासुंदी दोन वाट्या खाल्ली. आईसाठी इथल्या बाजारातून निवडून आणलेली पिशवीभर कारली तिच्या पुढ्यात ओतली. तिने नेहमीसारखं एक कारलं हातात घेऊन पाहिलं आणि सगळी आत नेली. मग तू ओवाळणी आणायला उठलास आणि मी फळीवरची आप्पांची वही काढली. सहज काढली रे! आप्पांनी १९२० साली ती सुरू केली तेव्हा मी जन्मलेसुद्धा नव्हते. दर दिवाळीच्या पाडव्याला घरातल्या प्रत्येकाने त्या वर्षात नव्याने सापडलेल्या पाच आवडी सांगायच्या: एक गाणं, एक पुस्तक, एक नाटक नाहीतर सिनेमा, एक खाणं आणि एक ठिकाण. आप्पा त्या वहीत लिहून घ्यायचे. ते गेल्यावर वही तुझ्याकडे आली आणि मी दरसाल माझे पाच तुला पत्राने कळवू लागले. यंदाही कोजागरीलाच कळवले होते. मग माझ्या नावापुढे हे काय लिहून ठेवलं आहेस?

मी कळवलं होतं, मानपाड्याची रखमाबाई आमच्याकडे भाजी घालते, तिच्या लेकीच्या हळदीला गेले होते आणि तिथे गंगुबाई धवलारणीने म्हटलेले लग्नाचे धवले ऐकले. म्हातारीला दात नाहीत, पण अंगावर काटा आला. तू लिहिलंस, ‘ह. भ. प. बुवांचे कीर्तन’. कोणते बुवा? खोटं लिहायचं तर निदान नाव तरी घालायचंस! एका मास्तरणीवरची कादंबरी मी दोनदा वाचली, तिचं केलंस ‘सार्थ भागवत’. कल्याणला बुधवारी दुपारच्या खेळाला एकटी जाऊन पाहिलेला सिनेमा तुझ्या लेखणीतून ‘पौराणिक, सहकुटुंब’ होऊन निघाला. स्टेशनबाहेरच्या हॉटेलातली मिसळ मी फॅमिली रूमच्या पडद्याआड नाकडोळे पुसत खाल्ली, तिचे झाले ‘उकडीचे मोदक (स्वतः केलेले)’. अरे, माझे मोदक दरवर्षी फुटतात हे अख्ख्या घराला ठाऊक आहे. आणि रेतीबंदरावरून होडीने खाडीपलीकडे जाऊन आले, तिथे तू टिटवाळा घातलास. यंदा मी टिटवाळ्याला फिरकलेसुद्धा नाही. आता त्या गणपतीला कोणतं तोंड दाखवू?

बासुंदी घशाशी आली होती, पण सणाच्या दिवशी तमाशा नको म्हणून गप्प राहिले. उलट टपाली उत्तर पाठव आणि माझ्या ओळी होत्या तशा कर.

आईला साष्टांग, वहिनीला नमस्कार, शुभदाला आशीर्वाद. तुझ्यावरचा लोभ तूर्त आहे तेवढाच ठेवला आहे.

तुझी,
सुमती

॥ श्री ॥

कोपरी, ठाणे,
ता. १३ नोव्हेंबर १९५३

चि. सौ. सुमतीस,
त्र्यंबकाचे अनेक आशीर्वाद वि. वि.

तुझे पत्र पोहोचले. ते ऑफिसला निघताना हाती आले आणि माझा सबंध दिवस नासला. मोठ्या भावाला असे लिहितात काय? इतके शिकवून सवरून हेच फळ?

तू समजतेस तसा मी कोणी दरोडेखोर नाही. शुभदाला कल्याणचे स्थळ आले आहे. मुलगा मधु रेल्वेत ड्राफ्ट्समन आहे, वडील श्रीपादराव आठल्ये निवृत्त हेडमास्तर, पारनाक्याला स्वतःचे घर. श्रीपादराव आप्पांना ओळखत असत. वहीची कीर्ती त्यांच्या कानावर होती आणि ती वाचायला मिळेल का, असे त्यांनी आपण होऊन विचारले. आता त्या घरात वही उघडली जायची, आणि मुलीची सख्खी आत्या बुधवारी दुपारी एकटी सिनेमाला जाते, हॉटेलात बसून मिसळ चापते, होडीत बसून वाटेल तिथे हिंडते, हे त्या हेडमास्तरांनी वाचायचे? तू माझ्या जागी असतीस तर काय केले असतेस? वही परवाच त्यांच्याकडे पोचती केली आहे. तेव्हा ‘होत्या तशा कर’ हा विषय संपला.

शिवाय, मी काही नवीन पायंडा पाडलेला नाही. वही चाळताना आईच्या नावापुढे काय असते ते तुझ्या नजरेला पडले नसेल. आप्पा आपली पाच लिहीत आणि खाली ‘सौ.: वरीलप्रमाणे’. दरसाल. आई कधी भांडायला उठली नाही. आप्पा गेल्यावर मी तिच्या नावापुढे ‘नामस्मरण’ लिहितो, त्याबद्दलही तिने कधी चकार शब्द काढला नाही. आणि म्हणून तिच्या आवडीची हेळसांड होते असे समजू नकोस. आप्पांच्या ‘कारल्याची भाजी’खाली वरीलप्रमाणे आहे, म्हणून मी दर द्वादशीला न चुकता मार्केटातून कारली आणतो. तू आणलेलीही तिला तीन दिवस पुरली. घर असे चालते, सुमे.

राग सोड. शुभदाचे जमले की तुला भारी साडी घेईन. यजमानांस सा. न. तू आपली प्रकृती आणि जीभ दोन्ही सांभाळून असावेस, ही अपेक्षा.

तुझा,
दादा

॥ श्री ॥

डोंबिवली,
ता. १९ नोव्हेंबर १९५३

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

साडी तुझी तुलाच ठेव. जीभ सांभाळली आहे, कारण या वेळी काम दौतीने केलं.

काल मी कल्याणला गेले होते. सिनेमाला नव्हे, पारनाक्याला. तुझ्या हेडमास्तरांनी दार उघडलं. मी नाव सांगितलं, तर म्हणाले, या या, आपल्या मोदकांबद्दल वाचलं आहे. दादा, ते ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. परक्या माणसाच्या ओटीवर उभी राहून मी माझी नसलेली स्तुती ऐकत होते! मी त्यांना सरळ सांगितलं की ते मोदक खोटे आहेत, बुवा खोटे आहेत, टिटवाळाही खोटा आहे आणि वही दिलीत तर आत्ता दुरुस्त करते. त्यांनी वही आणून पुढ्यात ठेवली, टाक दिला. मी तुझ्या पाचही ओळींवर एकेक रेघ मारली आणि खाली माझ्या पाच लिहिल्या. रेघ अशी मारली आहे की खालचं वाचता यावं. तू काय केलंस तेही राहिलं पाहिजे.

हेडमास्तरांनी ते सावकाश वाचलं, चष्मा काढून पुसला आणि घरात विचार करून कळवतो, एवढंच बोलले. चहा झाला, पण बेताचाच. शुभदाचं बिनसलं तर ते माझ्या माथी येणार हे मला कळतं. पण आज आत्या खोटी दाखवून पोरीला त्या घरात पाठवलीस, तर उद्या तिने तिथे एखादा सिनेमा पाहिला की तोंड कुठे लपवायचं? आणि जिचं लग्न ठरवतोस तिला काय आवडतं ते तरी वहीत आहे का? पाहिलं मी. ‘कु. शुभदा: शिवणकाम’. गाणं शिवणकाम, पुस्तकही शिवणकामच का रे?

तू म्हणालास म्हणून आईच्या ओळीही पाहिल्या. सत्तावीस वेळा ‘वरीलप्रमाणे’. मी मोजले. आप्पांवर माझा जीव होता, अजून आहे, पण तिथे बसल्या बसल्या त्यांचाही राग आला. एका बाईला सत्तावीस वर्षांत नवऱ्यापेक्षा वेगळं एकही गाणं आवडलं नसेल? कारल्याचं सोड, कारलं तिला आवडतं हे जगजाहीर आहे. पण बाकीचं? तू तिला कधी विचारलंस? तू विचारणार नाहीस, म्हणून या पाकिटात आईसाठी एक कोरा कागद आणि तिकीट लावलेलं दुसरं पाकीट घातलं आहे. ते तिच्या हातात दे. तू लिहून घेऊ नकोस.

इकडे सर्व ठीक. हे सगळं ऐकून इकडच्या स्वारीला हसू आवरेना, म्हणून त्यांच्याशीही मी कालपासून बोलत नाही. तुझा लोभ असला तर कळव, नसला तरी कळव.

तुझी,
सुमती

कोपरी, ठाणे,
ता. २२ नोव्हेंबर १९५३

सौ. सुमतीस,

कार्डावरच लिहितो आहे. पोस्टमन वाचेल तर वाचो, आता झाकायचे काय उरले आहे? कल्याणहून चार दिवस काही निरोप नाही. तुझी वहिनी जेवत नाही. मी शुभदाला धीर द्यायला गेलो की तुझे जमेल कुठेतरी, तर ती माझ्यावरच उलटली. मला शिवणकाम मुळीच आवडत नाही, असे तोंडावर म्हणाली. हे सर्व तुझे उद्योग. आप्पांच्या वहीवर परक्याच्या घरी रेघा ओढताना हात कसा झडला नाही? स्थळ गेले तर या घराची पायरी चढू नकोस. आईला कागद दिला. तिने घडी करून उशीखाली ठेवला, बोलली काही नाही. बोलेल कशाला? ती समंजस आहे.

त्र्यंबक

॥ श्री ॥

ठाणे,
कार्तिक वद्य द्वादशी

चि. सौ. सुमीस आईचे आशीर्वाद.

हे पत्र माझे मीच लिहिते आहे, कोणाला सांगून लिहवून घेतलेले नाही. नाहीतर वरीलप्रमाणे व्हायचे. अक्षर वाकडे आहे. तुम्ही दोघे पाटीवर गिरवीत होता तेव्हा पाठीमागे बसून मी शिकले, तेवढेच आहे.

आधी तुझा घोर मिटवते. काल कल्याणचे हेडमास्तर आणि मुलगा मधु दोघे येऊन वही परत देऊन गेले. हेडमास्तर म्हणाले की घरात दोन दिवस वाद झाला, मुलाची आई नको म्हणत होती, मुलगा हवेच म्हणत होता. मुलाने आपल्या पाच आवडी एका चिठ्ठीवर लिहून आणल्या होत्या. त्यात हॉटेलातली मिसळ आहे. त्याने शुभदाच्या पाच मागितल्या, तिच्या हातच्या. त्र्यंबक लगेच टाक घेऊन पुढे बसला. मी त्याच्या हातातून टाक काढून घेतला. जन्मात पहिल्यांदा त्याच्या हातातून काही ओढून घेतले असेल. पाहुण्यांसमोर त्याचे तोंड एवढेसे झाले. शुभदाने आत बसून अर्धा तास लिहिले. काय लिहिले ते मी विचारले नाही. जमले, असे समज. तू पायरी चढ, मी सांगते.

आता तुझ्या कोऱ्या कागदाचे. पहिले दोन दिवस मला तुझाच राग आला. आता कशाला विचारतेस, असे वाटले. मग काल वही परत आल्यावर सगळी निजानीज होण्याची वाट न बघता भर दुपारी ती मांडीवर घेतली आणि पहिल्या पानापासून लावून वाचली. सुमे, १९२१ साली आप्पा महाबळेश्वरला जाऊन आले. खाली माझे वरीलप्रमाणे. मी त्या वेळी तुझी बाळंतीण, खोलीबाहेर पाऊल नव्हते. महाबळेश्वर मी अजून पाहिलेले नाही. नाटके आप्पा पाहून यायचे, मी जेवण झाकून वाट बघत बसायची. त्याला वरीलप्रमाणे. माणूस वाईट नव्हते. त्यांना खरेच वाटायचे की आपल्याला आवडले ते हिला आवडलेच असणार. पण एकदा मान वर करून विचारले असते तर त्यांचे काय जाणार होते? वाचता वाचता इतका संताप झाला की त्यांच्या तसबिरीला मी मोठ्याने बोलले. सून धावत आली, तिला वाटले मला वात झाला.

तर यंदाच्या माझ्या लिहिते. गाणे, कोपरीच्या मिठागरातल्या बाया संध्याकाळी परत जाताना म्हणतात ते, मी खिडकीशी उभी राहून ऐकते, शब्द समजत नाहीत. पुस्तक, कोणी हातात दिले नाही, तुझी ती मास्तरीण आणून दे, सावकाश वाचीन. सिनेमा, कोणी नेले नाही. बुधवारी तुझ्याबरोबर येते. मी विधवा बाई म्हणून त्र्यंबक काय बोलायचे ते बोलू दे. खाणे, पाव. शुभदा गुपचूप आणते, आम्ही दोघी चहात बुडवून खातो, या घरात ते कोणाला माहीत नाही. ठिकाण, तुझी होडी. मला पोहता येत नाही, तरी बसेन.

हे सगळे वहीत तुझ्या ओळींखाली माझ्या हाताने लिहून ठेवले आहे. त्र्यंबकाने ते वाचले आणि डबा घेऊन कामावर गेला. आज द्वादशी, तरी येताना हात हलवीत आला. का ते तुला पुढे कळेल.

एक राहिले. तू त्र्यंबकाला लिहिलेस की कारले मला आवडते हे जगजाहीर आहे. तुझे पत्र त्याने मला वाचून दाखवले होते. राग ओसरल्यावर ते वाक्य आठवले आणि मी ठरवले की कागद भरायचा. सुमे, मला कारले जन्मात आवडलेले नाही. वहीतही शेवटी तेच लिहिले आहे. लग्न झाल्यापासून मी ते डोळे मिटून गिळते आहे. आप्पांनी लिहिले, त्र्यंबकाने आणले, ते एक वेळ सोड. पण तू दादावर एवढी भांडलीस, आणि भाऊबीजेला तूही पिशवीभर घेऊन आलीस. ओतलीस माझ्या पुढ्यात, तेव्हा मी एक हातात घेऊन तुझ्या तोंडाकडे बघितले होते.

आता येशील तेव्हा काय आणू म्हणून आधी पत्राने विचार. मी उत्तर लिहीन.

आशीर्वाद आहेतच.
तुझी आई