उकंडराव सोडून

१० जुलै २०२५
आजपासून वर्षावास. तीन महिने रोज संध्याकाळी विहारात वंदना मीच घ्यायची. आज सगळी वस्ती डोळे मिटून बसली. मी मोठ्यानं म्हटलं — सगळे सुखी होवोत. मनात म्हटलं — उकंडराव सोडून!
तो समोरच बसला होता. गेल्या साली लकवा मारला, तवापासून तोंडातून शब्द फुटत नाही. बरं झालं.

१६ जुलै
आजही सोडून.

३ ऑगस्ट
त्याची बायको तानुबाई म्हणे, "केसरबाई, तुमचा आवाज आयकला का ह्याइले बरं वाटते." हो का? माह्या तं अंगाची आग झाली!
सहा वर्षं झाली. बुद्धपौर्णिमा होती. ऐन वंदनेत लाइट गेली, तरी चंद्रशेखरनं, माह्या पोरानं, काय जुगाड केला कोणास ठाऊक, भोंगा बंद पडू देला नाही. कौतुक वाटलं होतं त्याचं. मी माईकवर बोलून राह्यलती अन् घरी ह्याइच्या, माह्या मालकाच्या, छातीत कळ आली. निरोप आला तशी धावत उकंडरावच्या दारात गेली. वस्तीत गाडी एकट्या त्याच्याचकडे.
"गाडी निघत नाही, वहिनी." एवढंच बोलला. मान खाली!
दुसरी गाडी येईस्तोवर हे गेले.
दुसऱ्या दिवशी सकाळी तीच गाडी आमच्या दारात हजर! म्हणे, पाहुण्याइले स्टँडवरून आणतो. माणूस जिता होता तवा निघाली नाही, मेल्यावर बरी निघाली! हाकलून देला मेल्याले.
क्षमा करा, क्षमा करा — रोज मीच सांगते लोकाइले. मी काऊन करू?

२१ सप्टेंबर
ठरलं. समारोपाले परित्राण पाठ आहे. पांढरा धागा मूर्तीपासून निघते, पाण्याच्या मडक्याले गुंडाळते, मग सगळ्याइच्या हातातून जाते. पाठ झाला का मी तो तोडून एकेकाच्या मनगटाले बांधते. त्याच्यापाशी थांबीन. हात पुढं करू देईन. अन् निघून जाईन. साऱ्या वस्तीसमोर!

५ ऑक्टोबर
झोप नाही. खुशीनं.

७ ऑक्टोबर
केलं!
त्यानं चांगल्या हातानं आपला लुळा हात उचलून समोर धरला. मी त्याच्या डोळ्यात पाह्यलं अन् पुढच्या बाईले बांधला. हात तसाच वर. तानुबाई रडाले लागली.
दोन वाट्या खीर खाल्ली मी. गोड लागली.
चंद्रशेखर जेवला नाही. काऊन बे, म्हटलं, तं उठून गेला.

८ ऑक्टोबर
सकाळी चुलीपाशी येऊन बसला. "आई, बाबा गेले त्या दिवशी भोंग्याले लावलेली बॅटरी उकंडकाकाच्या गाडीची होती. न विचारता काढली मी." दुसऱ्या दिवशी सकाळीच हा ती परत बसवायले गेला, तं उकंडरावनं पाह्यलं. मारलं नाही. म्हणे — "तुह्या मायले कधी सांगू नको. तिचा नवरा गेला, आता पोरगा नको जायले. मले शिव्या देईल, देऊ दे."
धागा उरला आहे पिशवीत. कोणत्या तोंडानं जाऊ?