कलम बावीस: बूच

३ तारीख, सकाळी ६.१०
उद्या निघायचं. तीन दिवस, किनाऱ्या-किनाऱ्याने, शिडाच्या बोटीतून. बोट कवळीची, म्हणजे दातांच्या डॉक्टरची. कॉलेजपासून त्याला हेच नाव. तो वर्षभर लेकीकडे राहायला जातोय. तोवर बोट कुणाच्या ताब्यात द्यायची, माझ्या की माझ्या मेहुण्याच्या, ते आम्हा तिघांच्या या सफरीत ठरणार. मेहुणा पडदे विकतो. मी पंपांच्या कारखान्यात सतरा वर्षं तपासनीस. निकाल उघड आहे. हे मत्सरातून लिहिलं का? तपासलं. नाही.

संध्याकाळी ५.३०
एक्केचाळीस कलमांची यादी केली. बोट अजून ट्रेलरवर. मागे बुडाशी एक पितळी बूच आहे. आत साचलेलं पाणी काढण्यासाठी. फार मळलं होतं. काढलं, घासलं, आटे बघितले, हरवू नये म्हणून चष्म्याच्या जुन्या घरात ठेवलं. कलम बावीस, बूच: तपासलं. खूण केली. कारखान्यात नियमच आहे, तपासणारा बसवत नाही. बसवणारं खातं वेगळं.

४ तारीख, दुपारी २
बोट म्हशीसारखी चालतेय. वारा चांगला, शीड भरलेलं, तरी किनाऱ्यावरचं तेच झाड तासभर शेजारी. कारण स्पष्ट: मेहुण्याच्या दोन बॅगा. सौम्य शब्दांत सांगितलं. तो म्हणाला, भाऊजी, त्यातल्या एकीत ताईने दिलेले तुमचेच स्वेटर आहेत.
जागा तीनदा बदलून बसलो. फरक नाही.

५ तारीख, सकाळी ८
बंदरातल्या लॉजवर झोप नाही. बोटीत घोट्याएवढं पाणी. कवळी म्हणाला, कुठेतरी पाणी मुरतंय. रोख मेहुण्याकडे असावा. मेहुणा म्हणाला, मुरत कुठे, येतंय. शब्दांशी खेळायची ही वेळ नव्हे.
पाणी उपसून निघालो. कारखान्यातून मुद्दाम आणलेला हातपंप चार मिनिटं चालला. बाजूला तपासनीस म्हणून माझी सही सुवाच्य होती. पुढे बादली.

दुपारी ३
बोटीचं मागचं टोक बसलं. मासेमारीची लाँच दोर लावून ओढतेय. लाँचवरच्या बाईंनी विचारलं, बूच लावलंय ना. मी यादी दाखवली, कलम बावीस. बाई यादीकडे कमी, माझ्याकडे जास्त बघत होत्या. कवळीने पाण्यात हात घालून मागे काहीतरी चाचपलं आणि मेहुण्याचा एक मोजा मागून घेतला. कशाला ते विचारलं नाही. प्रत्येक गोष्टीत नाक खुपसू नये.
सफर संपली.

६ तारीख, दुपारी १२
अहवाल लिहिला. कारण: जादा वजन. तरी चैन पडेना. ही म्हणाली, अहो, बसा जरा, फरशी झिजेल. टेबल आवरायला घेतलं. चष्म्याचं जुनं घर खुळखुळलं.

१२.२०
बूच मेहुण्याने तिथे ठेवलं असेल, असं क्षणभर वाटलं. विचार स्वतःहून मागे घेतला. प्रामाणिकपणा म्हणतात तो हाच. कवळीला सांगायचं. आज नको, दवाखान्यात गर्दी असेल.

७ तारीख, दुपारी ४
सांगितलं. कवळी म्हणाला, लाँचवरच कळलं होतं, तू बोलतोस का बघत होतो. मेहुण्याला तर बोट लागते, दोनदा ओकला. कालपर्यंत बोट तुलाच द्यायची होती. आज सकाळी त्याला शब्द देऊन बसलो.
म्हणजे पात्रता सिद्ध झाली. चुकली ती वेळ.
निदान बूच तरी मी स्वतः बसवतो म्हणालो. कवळीने विचारलं, नक्की? मी शब्द दिला.

संध्याकाळी ६.३०
बोट पुन्हा ट्रेलरवर आहे. तिच्यापाशी जाऊन भोकातला मोजा काढला. आटे ओले होते. ओल्या आट्यांत बूच बसवणं नियमात बसत नाही. तूर्त परत आणलं. यादीत नवा रकाना आखला: बसवलं. उद्या बसवणारच आहे, म्हणून आजच खूण केली आणि यादी मेहुण्याला पाठवली. हलकं वाटलं.

८ तारीख, सकाळी ७.१५
मेहुण्याचा फोन. पहाटेच बोट पाण्यात उतरवली म्हणतो. विचारत होता, भाऊजी, कलम बावीस कुठल्या खात्याकडे आहे. मागून बादलीचा आवाज येत होता.
चष्म्याचं घर समोर टेबलावर आहे. हलवून बघितलं.