जास्तीची पेन्शन

अहो,

मी धाकट्या बहिणीकडे चाललेय, संध्याकाळी येईन.

सकाळी तुमच्या पेन्शनच्या ऑफिसात गेले होते. तिथल्या बाई म्हणाल्या, निवृत्त होताना साहेबांनी स्वतःला दरमहा थोडी जास्त पेन्शन घेतली आणि त्या बदल्यात आपल्यामागे बायकोला काही नको, असं लिहून दिलं. आता ते बदलता येत नाही. त्याच वर्षी माझं ऑपरेशन झालं होतं. तुम्ही उशाशी बसून मला संत्रं भरवत होतात आणि मनात मला कधीच पोचवून आला होतात.

तेव्हा आता तुम्हाला मरून चालणार नाही. सिगारेटी मी संडासात टाकल्या. स्कूटरची किल्ली माझ्या पर्समध्ये आहे. बिनमिठाची भाजी झाकून ठेवलीय. मीठ शोधू नका, सगळं शेजारी देऊन टाकलंय. पाच वाजता खालचे कंपाउंडर तुम्हाला फिरायला न्यायला येतील. गुडघ्याचं कारण त्यांना सांगू नका, ते ऐकायचं नाही, असं मी त्यांना आधीच सांगून ठेवलंय.

पुढेमागे अंथरुणाला खिळलात आणि 'आता सोडव' म्हणालात, तरी मी उशाशी बसून संत्रं भरवीन.

माझी आई सत्त्याण्णव वर्षं जगली, तुमच्या लक्षात असेलच.