शिकागोवाल्यांचा घास

बाबा, आज एक मे. सकाळी मी पत्र्यावर तुमच्या त्या शिकागोवाल्यांसाठी घास ठेवला. तुम्ही गेल्यापासून कुणी ठेवला नव्हता. चौथीपर्यंत शिकलेली मी, मला लिहायचा कंटाळा, पण हे दुसऱ्या कुणाला सांगता येईना.

तुम्ही लातूरच्या मोंढ्यात पोती उचलायचे. एक मेला काम बंद ठेवायचे अन् आईला पितराला करतात तसा वरणभात, वडे करायला लावायचे. आजी चुलीपुढून विचारायची, "कोणत्या भावकीतले रे हे पावणे?" तुम्ही म्हणायचे, "आपलेच हायेत." मला खरंच वाटायचं, शिकागो म्हणजे चाकूरच्या पलीकडचं खेडं, अन् तिथं आपले चुलते फासावर गेले. कशापायी, तर काम आठच तास करू म्हणाले. तुम्हीही हमालांपुढं उभं राहून तेच बोलता, हे मला माहीत होतं. तुम्हाला यायला उशीर झाला की वाटायचं, तुम्हालाही फासावर नेलं. मी दारात बसून रस्त्याकडं बघायची, आई जेव म्हणायची, घास उतरायचा नाही. ते भ्या अजून तसंच हाय.

कावळा लवकर शिवायचा नाही. दहाव्याला मेलेल्याची राहिलेली इच्छा पुरी करू म्हणून आपण कबूल करतो, तसं तुम्ही हात जोडायचे, "आठ तासांचं आम्ही बघतो." मग कधीतरी यायचा.

तुमची नात परवा मोबाइलवर वाचून म्हणाली, "आई, आजोबांची तिथीच चुकली. एक मेला संप सुरू झाला, फाशी नोव्हेंबरात दिली." ती पुढं वाचत गेली, संपवाल्यांच्या सभेत कुणीतरी बॉम्ब टाकला, पोलीस मेले. टाकणारा सापडलाच नाही, म्हणून बोलणाऱ्यांना धरलं. पुढं तिथल्या राज्यपालानं खटलाच खोटा होता म्हणून उरलेल्यांना सोडलं, तर निवडणुकीत त्याचीच खुर्ची गेली. मी विचारलं, मग आठ तास मिळाले का. म्हणाली, लगेच नाही. मी म्हणलं, ठेव तो मोबाइल.

मी डाळ मिलमध्ये निवडायला बसते. होळीपासून सकाळी आठ ते रात्री आठ करून ठेवलंय. जमत नसल तर घरी बसा, असं मुकादम म्हणतो. उमरीकडची एक बाई त्याला उलटून बोलली होती. दुसऱ्या दिवशी तिला गेटातच अडवलं, मग गावातल्या कोणत्याच मिलनं घेतलं नाही. लेकरं घेऊन वीटभट्टीवर गेली ती.

आमच्यात सूप पालथं घातलं की त्या बाईचं काम संपलं, तिच्यापुढं कुणी डाळ ओतत नाही. उद्या आठ तास भरले की, चार वाजता, सगळ्यांनी सूप पालथं घालायचं काल ठरलंय. पण पहिलं कुणी? सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. मी म्हणलं, "लीडर माझा बाप होता, मी न्हाई." त्यावर एक म्हातारी हसली, "मग हे तोंड कुणाचं हाय गं?" मी उठून आले.

आज एक मे असून मिल चालूच. सकाळी घास ठेवला, तर कावळा शेजारच्या टाकीवर बसून नुसता बघतोय. मी घड्याळ बघते, तो घास बघतो. मला धीर कुठला. म्हणलं, "हाव बाबा, पहिलं सूप माझं. शीव आता, कामाला उशीर व्हायलाय."

अन् तो उठला.

दिवसभर मी गेटाकडंच बघत होते. डाळीत खडे राहिले, मुकादमाची बोलणी खाल्ली. गेट बंद झालं तर पोरीचा क्लास सुटंल अन् तीही कुठल्यातरी मिलमध्ये सूप घेऊन बसंल. बारा तास. हे तिला सांगितलेलं नाही. उद्या बायका माझ्याकडं बघतील, अन् माझी बोटं सुपाला चिकटून बसली तर? तुम्हाला अशी भीती वाटायची का? मी कधी विचारलंच नाही.

हा कागद चुलीत घालीन, पोरीच्या हाती लागायला नको. पण एक तुम्हाला सांगते. तो टाकीवरून खाली आला तेव्हा दिलेला शब्द मागं घ्यावा वाटून मी त्याला हुसकायला हात वर केला होता. तो भ्याला नाही. घास घेऊन गेला.