मामाच्या खुर्चीतला फोटो

४ मार्च
लेकीला शाळेत ‘माझ्या घरातला हिरो’ यावर बोलायचंय, फोटोसकट. तिने पटकन मामाचं नाव घेतलं. मामा म्हणजे माझा मेहुणा, पायलट. मी जळत वगैरे नाही. फक्त जेवण गेलं नाही.

५ मार्च
संकल्प : घरात सत्य मांडायचं.
मांडलं. रस्ता, वळणं, उंची, सगळं फ्लाइट मॅनेजमेंट कॉम्प्युटर ठरवतो. आपण कुठे आहोत हे तो उपग्रहांना विचारतो, जमिनीवरच्या रेडिओंना विचारतो, शिवाय विमान किती सरकलं ते स्वतःही मोजतो. ऑटोपायलट त्याचं ऐकतो. आणि त्याच्यात दर अठ्ठावीस दिवसांनी हवाई मार्गांचा नवा डेटा भरतं कोण? मी, विमानतळावरचा तंत्रज्ञ!
बायको म्हणाली, म्हणजे तू पेन ड्राइव्ह लावतोस.

७ मार्च
मेहुणा जेवायला. सासूबाईंनी त्याला तीनदा वाढलं, मला नुसतं ‘घ्या की’. तो म्हणाला, भाऊजींशिवाय आमच्या विमानाचं पान हलत नाही. टोमणाच. लेक दिवसभर त्याची टोपी घालून.

१० मार्च, सकाळी
आज डेटा. विमानात असे कॉम्प्युटर दोन. आधी डाव्यामध्ये भरायचा, मग उजव्यात कॉपी करायचा. दोघांचं जुळलं पाहिजे. डोळे मिटून करेन.
संकल्प : कॅप्टनच्या खुर्चीत फोटो. सगळी बटणं दिसायला हवीत.

दुपारी २
फोटो झकास! सफाईवाल्याला पाठीमागे उभं करून एकोणतीस काढून घेतले. मान वळवून हसतोय. काम पूर्ण म्हणून विमानाच्या कागदांवर सही ठोकली, फोटो फॅमिली ग्रुपवर. लेकीचे सात बदाम. मेहुण्याचा साधा अंगठा नाही. जळाला!

३.४०
मेहुण्याचा फोन. उचलला नाही. जळू दे.

३.४५
उचलला. हळू आवाजात म्हणाला, भाऊजी, फोटो मोठा करून बघा. डाव्या स्क्रीनवर डेटाच्या नव्या तारखा, उजव्या स्क्रीनवर जुन्या. कॉपी राहिलीय. विमान सुटायला वेळ आहे, पळा.

५.१५
पळालो. कॉपी केली. साहेबांना सांगावंच लागलं. लेखी खुलासा द्यायचाय.

११ मार्च
मेहुण्याने घरी चकार शब्द काढलेला नाही. चांगुलपणा करतो मेला! तेच जास्त खुपतं.
पण लेकीने शाळेसाठी माझाच फोटो निवडला. जिंकलो! इस्त्रीचा शर्ट घालून ऐकायला जाणार.

१२ मार्च
गेलो. पहिल्या रांगेत बसलो. लेकीने फोटो उंच धरला आणि खणखणीत आवाजात सांगितलं, ही माझ्या हिरोची खुर्ची. तो कामावर आहे, म्हणून बाबा बसलेत.
टाळ्या मीही वाजवल्या.