जिन्याखालची टिकटिक

लातूर, मंगळवार, दिवेलागण

माझ्यावर घोर अन्याय झाला आहे. सलग तिसऱ्या संध्याकाळी चहा गार झाला. जिन्याखाली स्टँडवर उभ्या रेसिंग सायकलचं मागचं चाक आजही आपोआप फिरलं, टिकटिक करत. वर भाड्यानं राहणारी क्लासची पोरगी ओरडली, "काका, ते घड्याळ बंद करा ना, अभ्यास होईना!"

घड्याळ कसलं, फ्रीव्हील आहे ते, पायडल न फिरता चाक फिरू देणारं. सायकल दुरुस्त करणारा सलीम मिस्त्री म्हणतो, "काढून टाकू की सर, चाक फिक्स करून देतो. टिकटिक खतम." हो, पण मग चाकाबरोबर पायडलही फिरणार. रिकाम्या सायकलचे पायडल फिरताना बघायचे? त्यापेक्षा टिकटिक बरी.

आणि सायकल तरी माझी कुठं आहे? माझ्या दोस्ताची, वसंताची. त्र्याण्णवच्या भूकंपाच्या आदल्या दिवशी मला देऊन तो एसटीनं गावी गेला. "हवा भरून परत दे बरं का, चिंगूस!" पहाटे गावही राहिलं नाही, वसंताही.

हवा मी भरलीच नाही. परत द्यायची कुणाला?

सलीमला नको म्हणून सांगितलं. मग पंप काढला, दोन्ही चाकांत टणक हवा भरली आणि सायकल दाराकडे तोंड करून ठेवली.